मोळी टाकतानाचा फोटो

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या सहकारी साखर कारखान्याच्या कार्यालयात गेलात तर भिंतीवर दोन फोटो बहुधा दिसतीलच. एक बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा, दुसरा गव्हाणीत उसाची मोळी टाकतानाचा. या दुसऱ्या फोटोत दहा-बारा जणांनी मिळून एकच मोळी धरलेली असते, जणू ती एकट्यादुकट्याच्यानं उचलणारच नाही. अध्यक्ष, आमदार, एखादे महाराज, संचालक मंडळ आणि कडेनं टोपी सावरत आत घुसलेला एक कार्यकर्ता. मोळीकडे कोणाचंच लक्ष नसतं, सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे दरवर्षी हा फोटो निघतो, पेपरात छापून येतो आणि मग चौकटीत जाऊन बसतो.

हंगाम संपला की ऊसतोडीवाले म्हणतात, ‘पट्टा पडला.’ त्याची बातमी दोन ओळींची: एवढं गाळप, एवढा उतारा. फोटो नसतो. आणि एखाद्या वर्षी पडलेला पट्टा पुन्हा उठतच नाही. भोंगा गप्प होतो, फाटकाला साखळी लागते. त्या दिवसाचा फोटो आजवर मला कुठल्याच भिंतीवर सापडलेला नाही.

बंद पडलेले कारखाने, जिनिंग-प्रेसिंग, गिरण्या यांचे फोटो काढत हिंडायची मला हौस आहे. माझी ये-जा माकणीच्या भागातली, म्हणजे लोहारा तालुका, तेरणेचं खोरं. इथे हा छंद सांगायचीही पंचाईत. ‘किल्ल्याचे काढा की, नळदुर्ग जवळ आहे,’ असं लोक समजुतीच्या सुरात सांगतात. काही जणांच्या मते हे मोबाईलवर बघून आलेलं परदेशी खूळ. थोडंफार आहेही. पण या खुळाचं मूळ शोधत गेलो तेव्हा एक फांदी थेट तेरणेच्या काठावर निघाली.

तेरणेवरचं तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगराहून भडोचला जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. जाडंभरडं कापड आणि मलमल, दोन्ही. कापडाचा धंदा या नदीला नवा नाही, हे एवढ्यासाठीच सांगितलं. तर या खोऱ्यात पडक्या वास्तूंची शिस्तशीर नोंद करायला पहिल्यांदा आले ते पुरातत्त्व खात्याचे साहेब. जेम्स बर्जेसनं १८७० च्या दशकात धाराशिवची लेणी पाहिली, मोजली. बीदर आणि औरंगाबाद भागातल्या पुरातन वास्तूंवरचा त्याचा अहवाल १८७८ सालचा. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत हेन्री कझन्स तेरला आला आणि त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मुळात बौद्ध चैत्यासारखं आहे, हे त्यानं जगाला सांगितलं. त्या काळचे पुरातत्त्वाचे फोटो बघण्यासारखे असतात. कॅमेरा तिपाईवर, वास्तू समोरून, सरळ, कसलीही नाटकं नाहीत. आणि खांबाशेजारी एक माणूस उभा. त्याचं नाव कुठेही नसतं. खांब केवढा आहे ते कळावं म्हणून त्याला तिथं उभं केलेलं असतं. पट्टीच्या जागी माणूस.

पडक्या जागेपुढे कॅमेरा रोवायचा आणि रमून न जाता आधी मोजायचं, ही सवय आमच्या छंदाला या साहेबांकडून आली. आणि तेरचंच आणखी एक नाव घ्यायला हवं, रामलिंगप्पा लामतुरे. पांढरीच्या मातीत सापडणारे मणी, मृण्मूर्ती, खापरं, लोकांच्या लेखी ज्याची किंमत शून्य ते सगळं या माणसानं आयुष्यभर जमवलं. तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय त्या संग्रहावरच उभं आहे आणि त्याला नावही त्यांचंच आहे. हौशी माणसाची हौस पुढे जिल्ह्याचा ठेवा होते, याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

कझन्स तेरच्या विटा पाहत होता त्याच काळात शेजारी नवीन विटा चढत होत्या. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं बार्शी लाईट रेल्वे काढली, रूळ अवघे अडीच फुटांच्या अंतरावर. १८९७ मध्ये गाडी आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीला आली, १९०७ मध्ये निजामाच्या हद्दीत तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरला. तेरला जवळचं ढोकी स्टेशन याच लाईनीवरचं. कापूस, भुईमूग, गळिताची धान्यं बाहेर जायला लागली आणि लाईनीच्या दोन्ही अंगांना जिनिंग, प्रेस आणि तेलाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. लातूरचा अडत बाजार फुगला तो या छोट्या लाईनीच्या जिवावर.

कॅल्थ्रॉपला फोटोची किंमत ठाऊक होती. गाडी हिंदुस्थानात यायच्या आधीच, १८९४ साली, इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथं रूळ टाकून त्यानं तिचं प्रदर्शन मांडलं होतं. (पुढे या गृहस्थानं विमानातून उडी मारायची हवाई छत्री बनवली. डोकं एका जागी न बसणारा माणूस.) कारखानदारीच्या फोटोचा हा दुसरा वंश: नवं यंत्र, चकचकीत, विकण्यासाठी किंवा मिरवण्यासाठी काढलेलं. मोळीचा फोटो याच घराण्यातला. गिरण्यांनी, रेल्वे कंपन्यांनी, धरणं बांधणाऱ्यांनी असे फोटो ढिगानं काढून घेतले. सरकारच्या मोजणीदारांना लेण्यांपुढे जिनिंगचा पत्रा दिसणं शक्य नव्हतं. आणि मालकांना जुनं यंत्र दाखवण्यात फायदा नव्हता. या दोघांच्या मधल्या फटीत कारखान्याचं म्हातारपण हरवलं.

रेल्वेचं नशीब जरा बरं. तिला प्रेमिक मिळाले. वाफेची इंजिनं टिपायला लांबलांबून माणसं येतात. छोट्या लाईनीची शेवटची गाडी म्हटली की गर्दी जमते, इंजिनाला हार चढतो. २००७-०८ च्या सुमारास लातूर, धाराशिव, कुर्डुवाडी ही लाईन मोठी झाली तेव्हा बार्शी लाईटला निदान रडणारे तरी होते. गिरणी मात्र बिनआसवांची जाते. म्हणजे आसवं असतात, पण ती फाटकाबाहेर, आणि तिकडे कॅमेरा वळत नाही.

सोलापूरची जुनी गिरणी बघा. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १८७० च्या दशकातली, मोरारजी गोकुळदासांनी काढलेली. गावच तिच्या भोंग्यावर उठायचं आणि झोपायचं. ऑगस्ट १९४९ मध्ये व्यवस्थापनानं ती बंद केली. हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. एका भागधारकानं त्याला थेट सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. चिरंजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार, निकाल ४ डिसेंबर १९५०, अर्ज फेटाळला, तीन न्यायमूर्ती एका बाजूला आणि दोन दुसऱ्या. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला वाचतात, कारण नव्या राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांवरच्या अगदी सुरुवातीच्या निकालांपैकी तो आहे. गिरणी बंद पडल्याची नोंद आमच्याकडे ही अशी राहते: तारखा, कलमं, वकिलांचा युक्तिवाद. साचेखात्यात त्या दिवशी कोण कुठे उभं होतं, शेवटचं कापड कोणत्या साच्यावर निघालं, ते निकालपत्रात कसं येणार?

आता समुद्रापलीकडे. आज जगभर हा छंद ज्या थाटात चालतो त्याचे खरे जन्मदाते एक जर्मन नवरा-बायको, बर्न्ड आणि हिला बेखर. बर्न्ड मुळात चित्रकार. आपल्या गावाकडच्या, झिगेनच्या लोखंडाच्या जुन्या कारखान्यांची चित्रं काढत बसायचा. पण चित्र पुरं व्हायच्या आत कारखाना पाडायला सुरुवात व्हायची. हात पोचेना, म्हणून त्यानं कॅमेरा धरला. हिला फोटोग्राफी रीतसर शिकलेली. १९५९ पासून दोघं बरोबर काम करायला लागले आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींचे मनोरे, गॅसच्या टाक्या असं एकेक टिपत राहिले. दिवस ढगाळ हवा, म्हणजे सावली पडत नाही. कॅमेरा थोडा उंचावर हवा, म्हणजे उभ्या रेषा तिरप्या होत नाहीत. एकाच जातीच्या नऊ किंवा बारा टाक्यांचे फोटो ते एका चौकटीत शेजारी शेजारी लावत. मग डोळा आपोआप फरक शोधायला लागतो: हिचे पाय बाकदार, तिची टोपी चपटी. १९७० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘निनावी शिल्पं’ अशा अर्थाचं आहे. गंमत म्हणजे १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना मोठा पुरस्कार मिळाला तो शिल्पकलेचा. फोटो काढून शिल्पाचं बक्षीस.

इंग्लंडात बेखरांच्या कामाला सुरुवात होण्याच्या थोडं आधी, १९५५ मध्ये, मायकेल रिक्स या शिक्षकानं ‘औद्योगिक पुरातत्त्व’ हा शब्द एका लेखातून रूढ केला. म्हणजे बर्जेस-कझन्सची शिस्त अखेर गिरणीपर्यंत पोचली. त्यानंतरची पिढी वेगळी. टोरांटोच्या जेफ चॅपमननं १९९६ मध्ये ‘इन्फिल्ट्रेशन’ नावाचं छोटं नियतकालिक काढलं, विषय एकच: जिथे जायचं नाही तिथे कसं जायचं. त्या गमतीतून बंद जागा धुंडाळणाऱ्यांची मोठी जमात तयार झाली. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांचे पडके, सुंदर, सोनेरी उन्हातले फोटो निघाले आणि तिथल्याच लोकांनी विचारलं, आमच्या बरबादीवर तुमची एवढी चटक कशासाठी? प्रश्न बरोबर होता. मला तो इथे बसून जास्तच बरोबर वाटतो, कारण माकणीच्या भागात पडक्या भिंतीचा अर्थ सोनेरी ऊन असा होत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, लोक मिरवणुकीहून उशिरा येऊन झोपलेले, आणि पहाटे चारच्या आत जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, वर मातीचं जड माळवद. पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून जपणारं घर झोपेतल्या माणसांवर कोसळलं. हजारो माणसं गेली, बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. माकणीचं निम्न तेरणा धरण त्याच्या थोडीच वर्षं आधी, १९८९ च्या सुमारास झालेलं. धरणाच्या पाण्यानं भूकंप झाला का, यावर शास्त्रज्ञांत बरंच घमासान चाललं. त्या आठवड्यांत या भागात जेवढे कॅमेरे आले तेवढे त्याआधीच्या शंभर वर्षांत आले नसतील. पडझडीचे एवढे फोटो निघाले की इथल्या एका पिढीला पुढ्यात कॅमेरा आला की अजून तीच पहाट आठवते.

म्हणून माझ्या छंदाला इथे एक अट आपोआप पडली. भिंत पडकी आहे म्हणून ती सुंदर, असं मला म्हणता येत नाही.

ही अट मला शिकवली एका बाजारपेठेच्या गावातल्या बंद जिनिंगच्या राखणदारानं. वय सत्तरीपुढे, धोतर, डोक्याला टापशी. मी तिपाई उघडतोय तेवढ्यात जवळ आले.

“जागा बघायला आलाव का सायेब?”

“नाही मामा, फोटो काढायलोय.”

“ब्यांकेचे का?”

बंद कारखान्यात कॅमेरा घेऊन येणारी माणसं दोनच प्रकारची, जागा घेणारी नाहीतर किंमत लावणारी. तिसरा प्रकार त्यांनी पाहिलेला नव्हता. मी काहीबाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, आमच्या राहिलेल्या पैशाचं काही कळतंय का तिकडे? मला काहीच कळत नव्हतं. मग ते मला आत घेऊन गेले. इथं रुई पडायची, इथून सरकी खाली जायची, प्रेस इथं, गाठ बांधायला आम्ही इथं चौघं. बोलता बोलता ते त्यांच्या जागेवर जाऊन उभे राहिले. मी ‘उभे राहा’ म्हटलेलं नव्हतं. मी फोटो घेतला.

घरी येऊन तो मोठा करून पाहिला तेव्हा एवढा वेळ सुटं सुटं दिसत होतं ते एका जागी आलं. मोळीच्या फोटोत माणसांनी यंत्र पुरतं झाकलेलं असतं, आणि त्या माणसांतला एकही ते यंत्र चालवणारा नसतो. बेखरांच्या फोटोत यंत्र लख्ख दिसतं, पण माणूस शोधूनही सापडत नाही. साहेबांच्या फोटोत माणूस आहे, पण पट्टी म्हणून. माझ्या फोटोतल्या मामांमुळे प्रेसची उंची कळत होतीच. पण ती उंची त्यांच्या खांद्याची होती. तो लोखंडी दांडा नेमका खांद्याला लागेल एवढ्यावर का आहे, हे माणूस तिथं उभा राहिल्याशिवाय कळलंच नसतं.

तेव्हापासून मी माझी पद्धत ठरवली आहे. इमारत समोरून, ढगाळ दिवशी, बेखरांच्या शिस्तीनं. आमच्याकडे श्रावण त्यासाठी उत्तम, पण आत चिखल आणि वर शेवाळ. गिरणीचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असेल तर आधी दिशा बघतो: काचा बहुतेक उत्तरेला सापडतात. थेट ऊन आत येऊ नये आणि धाग्यावर दिवसभर सारखा उजेड पडावा, म्हणून बांधणाऱ्यानं ती सोय केली. कामगाराच्या डोळ्यासाठी केलेली ती सोय कॅमेऱ्यालाही मानवते. लोखंडी कैच्या मोजतो, खांबावर ओतकामाची अक्षरं असतील तर वेगळा फोटो घेतो, कुठल्या परदेशी गावात ओतलं ते त्यावर लिहिलेलं असतं. नोटीस बोर्ड, हजेरीची खिडकी, सायकल स्टँड हे सगळं घेतो. आणि शक्य झालं तर तिथं काम केलेलं माणूस, त्याच्या जागेवर, त्याच्या परवानगीनं, मागे नाव लिहून.

सावधगिरीचं थोडं. परवानगीशिवाय आत जाऊ नका. मालक सापडत नसेल तर बँक, अवसायक, निदान राखणदार. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो खाली घेऊन जातो. पारव्यांच्या विष्ठेनं भरलेल्या खोलीत तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय शिरू नका. आणि धुराड्याकडे मान वर करून बघा. आग्यामोहोळ असेल तर सगळी कला बाजूला ठेवून मागे फिरा.

गिरण्यांच्या पडक्या भिंतीपुढे लग्नाआधीचे फोटो काढायची टूम निघाली आहे. नवरीचा घागरा, मागे गंजलेला बॉयलर. माझं मत विचाराल तर हा मोळीच्याच फोटोचा धाकटा भाऊ. पुन्हा माणसं पुढे आणि यंत्र पडद्यासारखं मागे.

मुंबईत १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या. लोअर परळला फिनिक्स मिलचं धुराडं आज मॉलच्या अंगणात उभं आहे, जपलेलं, धुतलेलं, दिवे लावलेलं. कोल्हापूरची शाहू मिल राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये सुरू केली, ती २००३ साली बंद झाली. आमच्या ढोकीचा तेरणा कारखानाही मधली काही वर्षं बंद होता. पुढे तो भाड्यानं चालवायला दिला गेला आणि पुन्हा गाळप सुरू झालं. पुन्हा सुरू झाल्याचे फोटो आहेत, मोळीसकट. १५ जून २०२३ ला सोलापुरात सिद्धेश्वर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीचं उंच धुराडं विमानतळाला अडतं म्हणून सुरुंग लावून पाडलं. शेकडो मोबाईल वर झाले होते. धुराडं उभ्याउभ्या कलतं आणि काही क्षणांत धुळीचा ढग होतो, ते जगभर फिरलं. पडण्याचा क्षण आता सगळ्यांकडे आहे. आदल्या दिवशीचं धुराडं किती जणांनी टिपलं असेल?

माकणीत कारखान्याचं धुराडं नाही. आमची औद्योगिक वास्तू म्हणजे धरण आणि त्याच्या पाण्यावर बेतलेली निम्न तेरणा उपसा सिंचन योजना. ती कित्येक वर्षं बंद पडून होती. अलीकडे तिच्या दुरुस्तीला मंजुरी मिळाली. नळदुर्गला १६१३ साली बांधलेला बोरी नदीवरचा बंधारा आणि पाणीमहाल बघायला पावसाळ्यात माणसांची रीघ लागते, आणि लागावीच. पण पाणी अडवून ते कामाला लावायची तीच विद्या, चारशे वर्षांनी पंपावर चढलेली, आमच्या दारात आहे. दुरुस्ती म्हणजे जुने पंप, वाहिन्या, स्वीच बोर्ड बदलले जाणार. नवे पंप सुरू होतील त्या दिवशी फोटो निघेल, नारळ फुटेल, ते ठीकच आहे.

या खोऱ्यातल्या कुठल्याही कारखान्यात, जिनिंगमध्ये, गिरणीत, पंपगृहात तुमच्या घरातलं कोणी कामाला असेल, तर घरातल्या ट्रंकेत एकदा हात घाला. यंत्रापुढे उभं राहून काढलेला एखादा फोटो असेल, तर आधी मागच्या बाजूला पेन्सिलीनं नाव, खातं आणि साल लिहा. ते सांगणारा माणूस घरात आहे तोवरच लिहा.